किसकी गाय है?

विदर्भातल्या माणसाला वावटळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पुलगावबाहेरच्या काळ्या वावरातून ती उठते, पऱ्हाटीचा कचरा, कागद, एखादी पिशवी वर नेते आणि रस्ता ओलांडून पलीकडे विरून जाते. आत भूत नाचते, मध्ये सापडू नका, असे लहानपणी सांगत. म्हणून की काय, ‘ट्विस्टर’ हा अमेरिकन सिनेमा आमच्या घरात कोणाला परका वाटला नाही.

अमेरिकेत तो १० मे १९९६ रोजी लागला. आमच्याकडे आला पुढच्या उन्हाळ्यात, केबलवाल्याच्या कृपेने. टीव्ही खिडकीत, आम्ही अंगणात बाजेवर. कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नव्हते. आले असते तरी इंग्रजीच होते. अम्मीचे त्यावाचून काही अडले नाही. वाऱ्याने उडालेली गाय हंबरत गाडीसमोरून जाते, तेव्हा आम्ही पोरे हसून लोळलो. अम्मीने एवढेच विचारले, “किसकी गाय है रे?” सिनेमाभर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कथा यथातथाच. घटस्फोटाच्या कागदावर बायकोची सही घ्यायला आलेला नवरा तिच्याच वादळवेड्या टोळीत पुन्हा ओढला जातो. हेलन हंट आणि बिल पॅक्स्टन यांनी ही जोडी झकास रंगवली. दिग्दर्शक ‘स्पीड’वाले यान दे बॉन्त. वादळाच्या गर्जनेसाठी म्हणे उंटाच्या कण्हण्याचा आवाज संथ करून वापरला होता. आम्हाला ते कूलरमुळे कुठले कळणार!

पण त्या टोळीची धडपड बनावट नाही. आपली वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो. त्याच्या पोटात काय चालते हे कळावे म्हणून ऐंशीच्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘टोटो’ नावाचे पिंपासारखे यंत्र खरोखरच त्याच्या वाटेवर ठेवून पाहिले. ‘विझार्ड ऑफ ओझ’मधल्या डोरोथीच्या कुत्र्याचे हे नाव. यंत्र जड आणि वादळ लहरी. १९८४ साली एकदा वादळाची कड लागली, तर ते लवंडलेच. १९८७ नंतर तो नाद सोडून दिला. सिनेमावाल्यांनी कुत्र्याऐवजी मुलीचे नाव घेतले आणि शास्त्रज्ञांना जे साधले नाही ते ‘डोरोथी’कडून करवून घेतले. तेवढा हक्क सिनेमाला आहेच.

पडद्यावर सारखे ‘एफ-फाइव्ह’ म्हणतात, ती मोजपट्टी तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाची, १९७१ सालची. वादळात यंत्र टिकत नाही, म्हणून ते गेल्यावर काय काय मोडले ते पाहून वाऱ्याचा वेग ठरवायचा. हाच फुजिता १९४५ साली तरुणपणी हिरोशिमा-नागासाकीच्या पडझडीतून फिरला होता आणि तिथल्या खुणांवरून बाँब किती उंचीवर फुटला ते ताडत होता.

हे वाचले तेव्हा मला आमचा डेपो आठवला. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातले सर्वांत मोठे. आम्ही त्याच्या शेजारातच वाढलो, त्यामुळे त्याची भीती कधी वाटली नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर ती वाटली. दारे हादरली, आभाळ केशरी झाले. म्हाताऱ्या अम्मीला घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. आगरगावसारख्या जवळच्या गावांतली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. आम्ही सगळे आगीकडे पाठ करून पळत होतो, आणि अग्निशमन दलाची माणसे आगीच्या दिशेने जात होती. दोन लष्करी अधिकारी आणि त्या दलातले कितीतरी जण परत आले नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षे मी ‘ट्विस्टर’ लावला नाही. संकटाच्या मागे हौसेने धावणारी ती हसरी टोळी बघवेना. २०१७ साली बिल पॅक्स्टन गेला, तेव्हा खऱ्या वादळशोधकांनी नकाशावर आपापल्या ठिकाणांचे ठिपके जुळवून त्याच्या नावाची आद्याक्षरे काढली. ते वाचून मन जरा निवळले. २०२४ साली ‘ट्विस्टर्स’ हा नवा भाग आला, आणि नातवाने जुना पाहायचा हट्ट धरला.

सुरुवातीचा प्रसंग मी विसरूनच गेलो होतो. १९६९ साल. वादळ येते म्हणून एक कुटुंब तळघरात उतरते. वरचे दार उचकटू लागते. बाप दोन्ही हातांनी ते धरून ठेवतो. खाली बायको आणि लहान मुलगी. दार जाते, आणि त्याच्याबरोबर बापही. सगळे मिळून काही मिनिटांचे. १९९७ साली तेवढ्यात आमच्यापैकी कोणी तरी पाणी प्यायला उठले असेल.

मी सिनेमा थांबवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. डेपोच्या बाजूला अंधार होता. आतून नातवाची हाक आली, “नाना, गाय कब आएगी?”