दशावतारी गंजिफा : मत्स्याचा रंग आणि डावाचे तंत्र

प्रस्तावना
गंजिफा या खेळाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने चित्रकला व हस्तव्यवसाय यांच्या अंगाने झालेला आहे. रूडॉल्फ फॉन लायडन यांचे १९८२ मधील संशोधन या क्षेत्रात मूलभूत मानले जाते. तथापि, पाने खेळण्यासाठी बनत होती, ही बाब अनेकदा दुय्यम ठरते. प्रस्तुत निबंधात मत्स्यावताराच्या रंगाचे उदाहरण घेऊन या खेळातील डावपेचांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका व रचना
बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचे वर्णन केले आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, म्हणजे एकूण १२० पाने होतात. मत्स्याच्या रंगात राजाच्या पानावर अवतार असतो, तर साध्या पानांवर मासे रंगविलेले असतात.

डावाचे तंत्र
तीन भिडूंत प्रत्येकी ४० पाने वाटली जातात. दिवसा रामाचा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, तो खेळास प्रारंभ करतो. याव्यतिरिक्त कोणत्याही अवताराला दुसऱ्यावर वर्चस्व नाही. आजच्या पत्त्यांतील हुकमाप्रमाणे एक रंग सर्वांवर मात करीत नाही. गंजिफात ‘हुकूम’ म्हणजे त्या रंगातील, त्या क्षणी शिल्लक असलेले सर्वांत वरचे पान.

म्हणूनच मत्स्याचा प्रधान हाती असूनही, राजा दुसऱ्याकडे असेपर्यंत तो हुकूम ठरत नाही. राजा खेळून गेला की तोच प्रधान सर्वश्रेष्ठ होतो. शिवाय निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ असतो. त्यामुळे दहा माशांचे पान एका माशाच्या पानाहून वरचढ की कनिष्ठ, हे चित्रावरून कळत नाही; ते भिडूला मुखोद्गत असावे लागते.

एका रंगाची बारा पाने तिघांत विभागली गेल्यास सरासरी चारच पाने एकाच्या वाट्याला येतात. परिणामी एकाच अवतारावर भिस्त ठेवणारा भिडू सहसा मागे पडतो. दहाही रंगांतील कोणती पाने गेली, याचे स्मरण ठेवणे हेच या खेळाचे खरे डावपेच होत.

कला आणि खेळ
चिंचोक्याची खळ व लाख वापरून गोल पाने रंगविण्याची परंपरा सावंतवाडीच्या चितारी कुटुंबांनी जोपासली. ती लोपत असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेऊन राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. आज मात्र ही पाने बहुधा संग्राह्य वा शोभेची वस्तू म्हणूनच विकत घेतली जातात.

निष्कर्ष
मत्स्य हा अवतारक्रमात पहिला असला, तरी डावात त्याचे मोल इतर पाने कोणती उरली यावरच ठरते. हे तत्त्व पानांवर रंगविलेले नाही, ते खेळणाऱ्यांच्या स्मृतीत होते. म्हणून संच जतन केल्याने गंजिफाची कला टिकेल. खेळ टिकण्यासाठी मात्र तो जाणणाऱ्या वृद्धांकडून नियम व डावपेच यांची नोंद होणे निकडीचे आहे. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी व महाविद्यालयीन विभागांनी हे कार्य हाती घेणे आवश्यक ठरते.