परका तो परकाच?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याला फी कमी, बाहेरच्याला जास्त. कर भरणाऱ्यांच्या मुलांना सवलत द्यावी, यात वावगे काही नाही. पण शिकता शिकता बाहेरचा विद्यार्थी तिथलाच झाला तर?

कनेक्टिकट राज्याने १९७१ साली कायदाच केला. अर्ज करताना जो परका, तो शिक्षण संपेपर्यंत परका! त्याच साली कॅलिफोर्नियातली एक विद्यार्थिनी लग्न होऊन तिथे राहायला आली. नवरा जन्मापासून कनेक्टिकटचा. हिचे नाव तिथल्या मतदारयादीत, मोटारीचा परवानाही तिथलाच. विद्यापीठाने आधी तिला राज्यातली म्हणूनच घेतले होते, मग नव्या कायद्याने परकी ठरवले. दुसऱ्या सत्राला तिला पडले ६२५ डॉलर, अन् राज्यातल्या विद्यार्थ्याला १७५. म्हणजे राज्य तिचे मत घ्यायला तयार, घरची म्हणायला नाही!

‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७३ साली सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : आपण इथलेच झालो, हे पुराव्याने दाखवण्याची संधी विद्यार्थ्याला दिलीच पाहिजे. वर्षभर राहण्याची अट मात्र राज्याला घालता येते. मिनेसोटाची तशी अट न्यायालयाने १९७१ सालीच मान्य केली होती.