पगारपत्रकातली एक ओळ

परवा कपाट आवरताना जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या हाती लागल्या. कपातीच्या रकान्यात, भविष्यनिर्वाह निधीच्या खाली, 'व्यवसाय कर'. रक्कम किरकोळ; पण आमचे गणिताचे सर दर महिन्याला विचारायचे, "आपण कसला व्यवसाय करतो हो?"

हा कर १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळाने सगळं हादरलं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता. मागेल त्याला काम, आणि खर्चाचा मोठा वाटा शहरातल्या पगारदारांकडून. जमलेल्या कराइतकीच भर सरकारने घालायची. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने संमत केला, १९७९ मध्ये तो लागू झाला.

हे एकमत मला अजून कोड्यात टाकतं. मेल्त्झर आणि रिचर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं, की विषमता वाढली की मधल्या मतदाराला श्रीमंतांवर जास्त कर हवासा वाटतो. हिशेब सरळ आहे. पण आपल्याकडे इतकं सरळ घडलं नाही. दुष्काळात मजुरांचे मोर्चे निघाले, ते खरंच. तरी कायदा करणारे बरेच आमदार खेड्यातले, जमीनजुमला असलेले. पाझर तलाव झाला की पाणी वाढायचं ते विहीरवाल्याचं. खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळे, तलाव नाही. मुंबईलाही दुष्काळी लोंढे दारात नकोच होते. सगळ्यांचंच काही ना काही साधत होतं.

आणि भरणारा? पगारदार, कारण त्याच्याकडून परस्पर कापून घेता येतं. शिवाय राज्यघटनेनुसार वर्षाला २५० रुपयांवर हा कर घेताच येत नसे. १९८८ मध्ये मर्यादा २,५०० झाली. म्हणजे बड्या कंपनीच्या संचालकालाही तेवढाच!

एकदा सुट्टीत गावी जाताना माझ्या एका विद्यार्थ्याची आई हमीच्या कामावर दिसली. तिने ओळखून नमस्कार केला. पुढच्या महिन्यातही मी कुरकुरलो, पण जरा हळू.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला आणि मजुरीचा बराच भार दिल्लीने उचलला. कर मात्र राहिला. मुलाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात. तो कशापायी सुरू झाला, हे त्याला परवा मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.