गिटच्या दप्तरांतील शाखांचा इतिहास

१. जुनी पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिचें शेवटचें पान पाहतों. ग्रंथ कोणीं व कोणत्या शकीं रचिला, आणि समोरची प्रत कोणीं व केव्हां उतरली, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी तेथें शोधावयाच्या असतात. मग प्रतीचें घराणें ठरवावयाचें. संगणकावरील लेखनासहि हीच चिकित्सा लागूं पडते. तेथें घराण्याचा पुरावा कोठें टिकतो व कोठें नाहींसा होतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. आपल्या संग्रहांतील पोथ्यांचे पाठ जे संगणकावर उतरीत असतील, त्यांस तरी ह्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

२. एका लेखनावर अनेक हात चालूं लागले कीं कोणीं केव्हां काय बदललें ह्याचें दप्तर ठेवावें लागतें. हें काम करणाऱ्या साधनांस आवृत्ति-नियंत्रण म्हणतात. बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं रचिलेलें एससीसीएस हें त्यांतील आद्य साधनांपैकीं एक होय. पुढें पर्ड्यू विद्यापीठांत वॉल्टर टिची यांनीं आरसीएस केलें. त्याचें वर्णन १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. आरसीएसमध्यें शाखेचें कूळ अंकांतच गोंविलेलें असे. १.२ ह्या आवृत्तीपासून फुटलेली पहिली शाखा १.२.१, व तिजवरील पहिली आवृत्ति १.२.१.१, अंक वाचला कीं वंश कळला. सबव्हर्जनची १.० ही आवृत्ति २००४ सालीं निघाली. त्यांत शाखा म्हणजे मूळ पाठाची नक्कल करून केलेला वेगळा कप्पा. तो काढून टाकिला तरी काढल्याची नोंद दप्तरांत अनुक्रमानें राहते. मात्र कोणता बदल कोणत्या शाखेंत मिळविला, हें आपण होऊन लिहून ठेवण्याची सोय त्यांत २००८ सालच्या १.५ आवृत्तीपासून झाली.

३. एप्रिल २००५ मध्यें लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामासाठीं गिट रचिलें. त्या कामीं पूर्वीं वापरांत असलेल्या बिटकीपरची विनामूल्य सवलत बंद झाली, हें त्याचें तात्कालिक कारण. गिटच्या प्रत्येक नोंदींत पाठाचा निर्देश, मागील नोंदीचें नांव, कर्ता व त्याची तारीख, नोंदविणारा व त्याची तारीख, आणि बदलाचा आशय, इतक्या गोष्टी असतात. रचनाशक व लेखनशक वेगळे ठेवण्याची ही शिस्त पोथ्या वाचणारांस परिचितच आहे. नोंदीचें नांव तिच्या मजकुरावरून गणितानें निघतें. रूढ पद्धतींत तें ४० अक्षरांचें असतें. मजकुरांत एक अक्षर फिरलें तरी नांव फिरतें, म्हणून मागाहून घातलेला प्रक्षेप लपत नाहीं.

४. पाठाविषयीं इतकी दक्षता असतां शाखेविषयीं मात्र गिट उदासीन आहे. तेथें शाखा म्हणजे शेवटची नोंद दाखविणारी केवळ एक चिठ्ठी. नवी नोंद झाली कीं चिठ्ठी पुढें सरकते. ती काल कोठें होती, किंवा एखादी नोंद कोणत्या शाखेवर जन्मली, हें नोंदींत लिहिलेलें नसतें. त्याच महिन्यांत मॅट मॅकॉल यांनीं आरंभिलेल्या मर्क्युरिअलमध्यें नामांकित शाखेचें नांव नोंदींतच लिहिलें जातें. गिटनें ती वाट घेतली नाहीं. चिठ्ठीच्या हालचालींची रोजनिशी गिट ठेवितें. तिला रीफ्लॉग म्हणतात. परंतु ती ज्याच्या त्याच्या यंत्रावरच राहते. दप्तराची नक्कल घेणारास ती मिळत नाहीं. शिवाय मूळ मांडणीप्रमाणें तिची मुदत ९० दिवस, आणि शाखेपासून तुटलेल्या नोंदींपुरती अवघी ३० दिवस. मुदत सरली कीं त्या तुटलेल्या नोंदीहि साफसफाईंत जातात.

५. शाखा मुख्य प्रवाहांत आणण्याच्या तीन रीती आहेत. पहिली संगमाची. तींत दोन पूर्वज असलेली नवी नोंद होते, पहिला पूर्वज घेणाऱ्या शाखेचा असतो, आणि आलेल्या शाखेचें नांव गिट आपण होऊन आशयांत घालतें. दुसरी, मुख्य शाखा मध्यंतरीं बदलली नसेल तर तिची चिठ्ठी नुसती पुढें सरकविण्याची. हींत शाखा फुटली होती हेंच मागें दिसत नाहीं. तिसरी रीबेसची, म्हणजे नोंदी नव्या पायावर पुन्हां उतरून काढण्याची. हींत नोंदींचीं नांवें बदलतात. कर्त्याची तारीख जुनी राहते, पण नोंदविणाऱ्याची तारीख नवी पडते. एकापुढें एक अशा दहा नोंदींत कर्त्याच्या तारखा दोन महिन्यांत पसरल्या आहेत, आणि नोंदविणाऱ्याच्या तारखा मात्र एकाच मिनिटांतील आहेत, असें आढळल्यास समोर अस्सल खर्डा नसून पुन्हां उतरलेली प्रत असण्याचा संभव फार, हें संशोधकानें ओळखावें.

६. रीबेसच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. अर्धवट खर्डे व हस्तदोष वाचकांपुढें कशाला, स्वच्छ प्रत वाचावयास बरी, असें ते म्हणतात. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरी शोधिली, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्यापूर्वींच्या पाठाचा माग काढणें किती कष्टाचें व वादाचें आहे, तें राजवाडे यांच्या १९०९ सालच्या आवृत्तीवरून आम्हां सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मतें ह्या वादाचा निकाल १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारतानें घालून दिला आहे. तेथें शोधिलेला पाठ वर आहे, आणि टाकलेले पाठभेद पानाच्या तळाशीं जपून ठेविले आहेत. स्वच्छता पाहिजे, पण पुराव्याचा बळी देऊन नव्हे.

७. म्हणून दप्तर राखणारांनीं चार गोष्टी पाळाव्या. शाखा मिळवितांना संगमाची नोंद मुद्दाम करवावी. शाखेची चिठ्ठी काढण्यापूर्वीं तिच्या टोकावर कायमची खूण ठेवावी. दुसऱ्यांनीं जिची नक्कल घेतली ती शाखा पुन्हां लिहूं नये. आणि मोठ्या कामाच्या अखेरीस रोजनिशीची प्रत वेगळी काढून ठेवावी. जुन्या कागदांचा नाश वाळवीनें केला असें आपण हळहळून म्हणतों. येथें मुदत आधींच ठाऊक आहे, तेव्हां तो दोष आपला आपल्यावरच येईल.