गावचा वर्तमानपत्र-एजंट

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास म्हणजे संपादकांचा इतिहास, असा एक संकेतच आपल्याकडे पडून गेला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, १८४१ साली भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, ही सनावळी शाळकरी मुलासही पाठ असते. परंतु छापलेला अंक वाचकाच्या उंबरठ्यापर्यंत कोणी नेला, कोणत्या वेळी नेला आणि त्याचे पैसे कोणी वसूल केले, या प्रश्नांची उत्तरे आमच्या इतिहासग्रंथांत सहसा सापडत नाहीत. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते तालुक्याच्या गावातील वर्तमानपत्र-एजंटाविषयी आणि त्याच्या कुटुंबाविषयी.

आरंभीच्या काळात एजंटाची गरजच नव्हती. पत्रे साप्ताहिक वा पाक्षिक, वाचक थोडे, आणि अंक जावयाचा तो टपालाने. १८५४ साली टपालाची व्यवस्था एका कायद्याखाली येऊन अंतराऐवजी वजनावर हशील आकारले जाऊ लागले, आणि १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागल्यावर मुंबईचे टपाल घाटावर लवकर पोहोचू लागले. वर्गणीदाराचे नाते थेट छापखान्याशी असे. आणि ते नाते किती उधारीचे होते, हे थकलेल्या वर्गणीविषयी संपादकांनी वेळोवेळी केलेल्या विनवण्यांवरून ध्यानात येते. साप्ताहिक दोन दिवस उशिरा आले तरी त्याची गोडी कमी होत नसे, म्हणून हा व्यवहार कसाबसा चालून गेला.

दैनिकाने मात्र सारे चित्र पालटले. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ साली दैनिक झाले, १९२३ साली मुंबईस ‘नवाकाळ’ निघाले आणि १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. दैनिक हा नाशवंत माल आहे. भाजी संध्याकाळपर्यंत तरी टिकते. दैनिकाची दुपारी बाराच्या सुमारास रद्दी होते. असा माल पोस्टमनच्या फेरीची वाट पाहू शकत नाही. त्यास गावातच कोणी जबाबदार माणूस हवा, आणि तो पहाटे जागा हवा. या गरजेतून एजंट जन्मास आला. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. ची पहिली गाडी निघाली आणि हळूहळू तिचे जाळे तालुक्यातालुक्यांत पसरले. मग ज्या गावांस आगगाडीचे दर्शन नव्हते तेथेही वर्तमानपत्रांचे गठ्ठे एस. टी. च्या टपावरून उतरू लागले.

या धंद्याची दिनचर्या पाहिली म्हणजे तो एकट्या माणसाचा धंदा होऊच शकत नाही, हे उघड होते. पहाटे चारच्या सुमारास घरातील कर्ता पुरुष स्थानकावर जाऊन गठ्ठे उतरवून घेतो. अंक मोजून घ्यावे लागतात, कारण कमी भरले तर तक्रार तेव्हाच नोंदवावयाची. मग घरच्या स्त्रिया व मुले ओटीवर बसून पुरवण्या व जाहिरातींची पत्रके अंकांत घालतात. गावाचे भाग पाडलेले असतात, त्यांस ‘लाईन’ म्हणतात. प्रत्येक लाईनचा गठ्ठा वेगळा करून तो सायकलवरच्या पोराच्या हवाली होतो. हा पोर बहुधा शिकणारा असतो. परीक्षा आली की तो येत नाही, आणि मग मालकाचा मुलगा, प्रसंगी स्वतः मालक, पायंडलवर पाय ठेवतो. पावसाळ्यात अंक भिजला, घाटात गाडी अडकली, छापखान्यात यंत्र बिघडले, तरी बोल ऐकावे लागतात ते एजंटासच. वाचकाच्या दृष्टीने वर्तमानपत्राचे कचेरीतले माणूस म्हणजे तोच.

पैशाची बाजू याहून बिकट. एजंटास कंपनीकडे अनामत ठेवावी लागते आणि ठरल्या तारखेस बिल चुकते करावे लागते. गिऱ्हाईक मात्र महिना संपल्यावर, सवडीने देणार. दैनिकाचे न खपलेले अंक परत घेण्यावर कंपन्यांची मर्यादा असते, म्हणून उद्या किती अंक लागतील याचा अंदाज रोज रात्री बांधावयाचा आणि चुकल्यास तोटा सोसावयाचा. वर्तमानपत्राचा मुख्य निर्वाह जाहिरातींवर होत असल्यामुळे त्याची किंमत मुद्दाम कमी ठेविली जाते. एजंटाचे कमिशन मात्र त्या किमतीवरच. दोन पत्रांची स्पर्धा लागून किंमत उतरली की वाचकास आनंद होतो आणि एजंटाची मिळकत घटते, श्रम तेवढेच राहतात. म्हणून हे दुकान केवळ दैनिकावर चालत नाही. मासिके, शाळेच्या वह्या, दिवाळी अंक, १९६९ नंतर राज्य लॉटरीची तिकिटे, १९७३ पासून ‘कालनिर्णय’, अशा जोडधंद्यांनी घर सावरले जाते.

या दुकानाचे गावातील स्थान पैशात मोजण्याजोगे नव्हते. मॅट्रिकचे निकाल वर्तमानपत्रांत क्रमांकांनिशी छापून येत त्या काळी निकालाच्या दिवशी एजंटाच्या ओट्यावर सारा गाव लोटे, आणि कोणाच्या घरी पेढे येणार व कोणाच्या घरी चूल थंड राहणार, हे प्रथम त्यास कळे. कोण गावाला गेले, कोण निवृत्त झाले, कोणी इंग्रजी पत्र सोडून मराठी धरले, हे सारे त्याच्या वहीत नोंदलेले असे.

हे काम महाराष्ट्रापुरतेच नाही. पुढे राष्ट्रपती झालेले अब्दुल कलाम हे लहानपणी रामेश्वरम् येथे वर्तमानपत्रांचे वाटप करणाऱ्या आपल्या चुलतभावास मदत करीत. दुसऱ्या महायुद्धात तेथील स्थानकावर गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. महाराष्ट्रातील विक्रेते त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, ‘वृत्तपत्र विक्रेता दिन’ म्हणून पाळतात, ते यथार्थच होय.

कोणी म्हणेल, हमालीच्या कामास इतिहासाचा मान कशास? याचे उत्तर आमच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा दिले आहे. १९५० साली मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, तेव्हा न्यायालयाने सांगितले की प्रसाराचे स्वातंत्र्य नसेल तर प्रकाशनाच्या स्वातंत्र्यास काही अर्थ नाही. १९६१ साली ‘सकाळ’च्या खटल्यात पृष्ठसंख्येची किमतीशी सांगड घालणारा कायदा न्यायालयाने रद्द ठरविला, पत्राचा खप घटविणे म्हणजे विचारस्वातंत्र्यास हात घालणे होय, हेच त्यामागील तत्त्व. आता हा प्रसार होतो कोणाच्या हातून? लेखणीचे स्वातंत्र्य संपादक राखतो हे खरे. परंतु त्या स्वातंत्र्याचा उत्तरार्ध पहाटेच्या अंधारात सायकलवरून जात असतो. १८ एप्रिल २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, राज्य सरकारने घरोघर वाटपास मनाई केली. छापण्यास मुभा होती, उंबरठा तेवढा बंद होता. मनाई पुढे सैल झाली, पण तेवढ्या अवधीत अनेक घरांची सवय मोडली.

आता बातमी हातातल्या यंत्रावर येते आणि एजंटाचा शिकलेला मुलगा पहाटे चारला उठण्यास राजी नसतो. त्यास आम्ही दोष देत नाही. धंदे येतात आणि जातात. कासार, तांबट, पखालवाले यांचेही हेच झाले. आमची विनंती निराळी आहे. ज्या घरांत ही दुकाने दोन-तीन पिढ्या चालली, तेथे जुन्या वह्या असतात. कोणत्या आळीत कोणते पत्र किती जात होते, कोणत्या वर्षी कोणी ते सोडले, मुलींच्या शाळेत कोणते मासिक येई, याचा पुरावा दुसरीकडे कोठेही नाही. संपादकाने काय लिहिले हे ग्रंथालयांत आहे. ते कोणी वाचले, हे या वह्यांत आहे. दुकान बंद होते त्या दिवशी त्या वह्या रद्दीच्या काट्यावर चढतात. गावोगावच्या वाचनालयांनी त्या मागून घेतल्या आणि एका कपाटात नीट ठेविल्या, तर मराठी वाचकाचा इतिहास लिहिणाऱ्यास पुढे हात हलवीत परत जावे लागणार नाही.