तेरा गोल आणि एक करारपत्र

फुटबॉलचे आकडे पाठ असणारे जुस्त फाँतेन हे नाव एकाच आकड्याशी जोडतात. तेरा. १९५८ साली स्वीडनमधल्या विश्वचषकात या फ्रेंच गड्याने सहा सामन्यांत तेरा गोल केले. पराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडला एक, उत्तर आयर्लंडला दोन, ब्राझीलला एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीला चार. बेरीज करून पाहा! (मास्तराची खोड, दुसरे काय.) गंमत म्हणजे यात एकही पेनल्टी नाही. जर्मनीविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती रेमाँ कोपाने मारली. २०२२ मध्ये एमबाप्पेने सात सामन्यांत आठ गोल केले तेव्हा जगाने तोंडात बोटे घातली, यावरून अंदाज यावा.

आणि हा गडी मुळात पहिल्या पसंतीचा नव्हताच. रँस क्लबातला त्याचा सोबती रने ब्लियार जखमी झाला म्हणून याला जागा मिळाली. सरावात स्वतःचे बूट फाटले, तेव्हा स्तेफान ब्रुए या सहकाऱ्याचे बूट मापाला बसले म्हणून ते घालून खेळला. उसन्या बुटांचा विक्रम!

फाँतेनचा जन्म १९३३ चा, मोरोक्कोतल्या माराकेशचा. कासाब्लांका, मग नीस, मग रँस असा प्रवास. फ्रान्ससाठी २१ सामन्यांत ३० गोल. १९५९ मध्ये रँस युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, पण रेआल माद्रिदकडून हरला. त्या रेआलमध्ये तेव्हा कोपा खेळत होता.

मार्च १९६० मध्ये त्याचा पाय मोडला. बरा होऊन परतला, तर १९६१ मध्ये पुन्हा तोच पाय मोडला. १९६२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला. अठ्ठाविसावे वर्ष म्हणजे आमच्या पेशात नोकरीत कायम होण्याचे वय हो!

पण मला त्याच्याविषयी खरा आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. त्या काळी फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडूचा करार वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबाशी बांधलेला असे. क्लबाने वाटले तर विकावे, वाटले तर बसवून ठेवावे, खेळाडूने विचारायचे नाही. आपल्याकडच्या सालगड्याची मुदत तरी वर्षाने संपायची. १९६१ मध्ये फाँतेनने यूजीन एनजो-लेआ या कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या, कायदा शिकलेल्या खेळाडूसह व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना स्थापन केली. मोडलेल्या पायाचा माणूस दुसऱ्यांच्या पायांतली बेडी काढायला निघाला होता. ठरावीक मुदतीचा करार यायला १९६९ उजाडले, तोवर त्याचे स्वतःचे खेळणे कधीच संपले होते. त्या कराराचा लाभ त्याला एका दिवसाचाही झाला नाही. मी स्वतः संघटनेत वर्गणी भरण्यापलीकडे फारसे काही केले नाही, म्हणून असल्या माणसांकडे मी जरा निरखून पाहतो.

प्रशिक्षक म्हणून मात्र नशीब वाकडे. १९६७ मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला, रुमानिया आणि सोव्हिएत संघ यांच्याविरुद्ध दोन मैत्रीपूर्ण सामने झाले, दोन्ही हरले, आणि कारभार आटोपला. दोन सामन्यांत कोण कशी परीक्षा देणार? आम्ही पोरांना निदान सहामाही तरी देतो. पुढे पॅरिस सेंट-जर्मेन हा तेव्हाचा नवखा क्लब त्याच्या देखरेखीखाली १९७४ मध्ये पहिल्या श्रेणीत आला. आज त्या क्लबाचा पैसा पाहणाऱ्याला हे सांगून पटणार नाही.

मग तो जन्मभूमीकडे वळला. त्याच्या मार्गदर्शनाखाली मोरोक्को १९८० च्या आफ्रिकी चषकात तिसरा आला. पण १९८२ च्या विश्वचषकाचे दार कॅमेरूनने बंद केले, आणि त्याची प्रशिक्षकाची कारकीर्दही तिथेच संपली.

१ मार्च २०२३ रोजी तुलूझमध्ये तो गेला. वय ८९. मृत्यूच्या बातम्यांचे मथळे अर्थातच तेरा गोलांचे होते.