लाइन क्लिअर

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आला. थळ घाट चढून इगतपुरी गाठायला त्याला १८६५ साल उजाडले. शहापूर तालुक्यातील मुलांना कसारा ठाऊक असतो तो लोकलचे शेवटचे स्थानक म्हणून, किंवा घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात ते ठिकाण म्हणून. मोबाईलमधील 'ब्लॉक' या सोयीचा विचार करताना रेल्वेच्याच एका जुन्या पद्धतीपासून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.

इंग्लंडमध्ये विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ साली विद्युत तारायंत्राचे पेटंट घेतले. लोहमार्गाचे तुकडे पाडावेत आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी, असे कुक यांनी १८४२ मध्ये सुचवले. या तुकड्याला रेल्वेत 'ब्लॉक' म्हणतात. मागचे स्थानक पुढच्या स्थानकाला तारेने विचारते. पुढच्याने 'लाइन क्लिअर' दिल्यावरच गाडी सुटते. म्हणजे मार्ग एरवी बंदच समजायचा, आणि तो उघडण्याचा अधिकार गाडी घेणाऱ्याकडे असतो.

टेलिफोनची रचना याच्या उलट झाली. मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ साली सुरू झाले तेव्हा दोन ग्राहकांच्या मध्ये निदान ऑपरेटर तरी होता. पुढे ट्रंककॉल कोठून आला आहे हे तोच आधी सांगे. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवतो, या संशयातून अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर यांनी स्वयंचलित केंद्राची कल्पना लढवली, असे सांगतात. त्यांना १८९१ मध्ये पेटंट मिळाले. भारतात १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू झाली. वेळ वाचला, पण 'कोण बोलतंय?' असे आधी विचारणारा मधला माणूस गेला.

ई-मेलमध्ये तर पाठवण्याचा खर्चही जवळजवळ शून्यावर आला. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. १९८२ मध्ये ई-मेल पोहोचवण्याचे जे नियम ठरले, त्यांत पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे का, हे तपासण्याची सोय नव्हती.

ब्लॉकची मर्यादा येथेच कळते. फोन येणारा क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळला तर घंटी वाजू देत नाही. अडतो तो क्रमांक, माणूस नव्हे. तो दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा येऊ शकतो. जाहिरातींच्या फोनसाठी भारतात २००७ मध्ये नियम झाले. त्यांतही दार उघडेच होते. ज्याला फोन नको असतील त्याने नाव नोंदवायचे होते. आजही ही नोंद १९०९ या क्रमांकावर करता येते.

शिक्षकांपुढचा प्रश्न याहून नाजूक आहे. शाळेतल्या मुलीला कोणी सतत फोन किंवा संदेश पाठवू लागला की पुष्कळ घरांत मुलीचाच फोन काढून घेतात, कधी शाळाही सुटते. या भीतीने मुली बोलत नाहीत. स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा आपल्या कायद्याने २०१३ पासून गुन्हा आहे. म्हणून मुलांना चार गोष्टी सांगाव्यात: आलेले संदेश पुसू नका, त्यांची छायाचित्रे ठेवा, मग क्रमांक ब्लॉक करा, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.

वर्गात दोन मुलांना दोन स्थानके करून हातात घंटा द्यावी आणि 'लाइन क्लिअर'चा खेळ खेळून पाहावा. पुढचे स्थानक 'नाही' म्हणते तेव्हा थांबावे लागते ते गाडीला. त्यासाठी स्थानकाला कोणी टाळे लावत नाही, हे मुलांच्या चटकन लक्षात येईल. पालकसभेतही हाच खेळ करून दाखवण्यास हरकत नाही.